करमाड नाक्यावरचं अभिनंदन

दौलताबादचा किल्ला मागं पडला आणि घाट लागला, तेव्हा रत्नमालाबाईंनी चपला काढून पिशवीत टाकल्या. घाट अनवाणी चढायचा, हा त्यांचा नेम. सपाटीला चपला घातल्या म्हणून भद्रा मारुती रागावत नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलेलं होतं. शेजारी राजनंदिनी चालत होती. पायात कॉलेजचे बूट, हातात रुईच्या पानांची माळ. रात्रीच जाऊन पहाटेचा हनुमान जन्माचा सोहळा पाहून आलेले लोक आता घोळक्याघोळक्यानं उलटे परतत होते. कुणी लंगडत, कुणी गुलाल माखलेलं.

बाई म्हणाल्या, "मिटमिट्यापासून एक शब्द बोलली नाहीस. नवस बोलायला चाललीस की फेडायला?"

"दोन्ही नाय. सांगायला चालले."

"कुणाला, मारुतीला?"

"आधी तुम्हाला."

बाईंनी चाल जरा हळू केली. ही पोरगी गप्प असली की आत काहीतरी शिजत असतं, हे त्यांना तिच्या पाचवीपासून ठाऊक होतं. करमाडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाईंनी तिला मराठी शिकवलं. राजनंदिनी पठाडे, रामकिसन पठाड्यांची थोरली. अक्षर किरटं, निबंध बेताचा, पण वर्गातला पंखा कुरकुरायला लागला की तास सोडून वर बघत बसणारी. दहावीनंतर तिनं पॉलिटेक्निकला मेकॅनिकल घेतलं, तेव्हा घरात चार दिवस कुणी धड जेवलं नाही. आत्या म्हणाली, पोरीच्या जातीला काय लोखंडाची हौस. रामकिसन मात्र फॉर्म भरायला स्वतः गेले. डिप्लोमानंतर शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला तिचा नंबर लागला आणि करमाड ते कॉलेज असं एसटीनं रोजचं येणं-जाणं सुरू झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाशेजारच्या शेंद्र्याच्या एका गिअरच्या कारखान्यात ती महिनाभर शिकायला जाऊन आली. परतल्यावर बाईंना म्हणाली होती, बाई, तिथं दिवस कुठं जातो कळत नाय.

शेवटच्या वर्षी भाद्रपदात कॅम्पस सुरू झालं, म्हणजे नोकऱ्यांसाठीच्या निवडी. 'पूल' म्हणतात त्याला. एका कॉलेजात कंपनी येते आणि बीड, जालना, परभणीपासूनची पोरं गाड्या भरून तिथं जमतात. राजनंदिनी पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून पहिल्या एसटीनं निघाली, तर नाक्यावर ओळखीच्यांनीही तिला दोनदा बघितलं. दिवसभर रांगा. आधी कॉम्प्युटरवरची परीक्षा, तीही मशीन मधेच बंद पडल्यामुळं अर्धी दुसऱ्यांदा. नावं वाचली जायची तेव्हा ज्याचं यायचं नाही तो बॅग उचलून खाली मान घालून निघायचा. मागं वळून कुणी कुणाला विचारत नव्हतं. सगळ्यांच्या शर्टाला सारखीच कडक इस्त्री, सगळ्यांच्या तोंडी सारखंच इंग्रजी.

तिथं जे झालं ते बाईंना पाठ होतं, गावात ते तिनं रंगवून सांगितलेलं. शेवटच्या मुलाखतीत साहेबानं तिला तिचा दोष विचारला. ती पाठ केलेलं बोलली, की मी माणसांवर लवकर विश्वास ठेवते. साहेबानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, सकाळपासून इथं येणारा प्रत्येक जण माणसांवर लवकर विश्वास ठेवतोय, मराठवाड्यात सगळे असेच आहेत का? राजनंदिनी म्हणाली, "नाय सर, आम्हाला सगळ्यांना एकाच सरांनी शिकवलंय." साहेब हसून हसून लाल झाला. मग त्यानं मराठीतच गप्पा मारल्या आणि संध्याकाळच्या यादीत तिचं नाव आलं. पुण्याची मोठी कंपनी, कॉम्प्युटरचं काम.

आणि इथंच करमाडनं करायचं ते केलं. कंपनीनं दिलं होतं ते निवडीचं पत्र. रुजू कधी व्हायचं ते नंतर कळवू, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. पण गावात पत्र आलं म्हणजे नोकरी लागली. दुसऱ्या दिवशी उजाडताना नाक्यावर फ्लेक्स उभा. मधोमध राजनंदिनीचा पॉलिटेक्निकच्या प्रवेशाचा फोटो, कान उघडे, चेहरा घाबरलेला. "कु. राजनंदिनी हिची पुणे येथे इंजिनिअरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." खाली शुभेच्छुकांच्या तीन ओळी, त्यात तिला कधी न भेटलेले लोकही गॉगल लावून. आणि डाव्या कोपऱ्यात 'मार्गदर्शक' म्हणून रत्नमालाबाई, कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून काढलेल्या. बाईंना तेव्हा लाज वाटली होती आणि बरंही वाटलं होतं. नातवाला त्या दोनदा नाक्यावर घेऊन गेल्या होत्या.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर मांडव होता. तिथल्या माणसानं दोघींच्या हातात सरबताचे पेले दिले. कठड्यावर टेकल्यावर राजनंदिनीनं सुरुवात केली.

भाद्रपद गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. कंपनीला मेल पाठवला की दोन ओळींचं उत्तर यायचं, लवकरच कळवू. पोरं म्हणायची, मागच्या वर्षीच्या बॅचलासुद्धा अजून बोलावलेलं नाय. मागच्या बॅचचा ऋतुराज तिच्या ओळखीचा, लासूर स्टेशनचा. आडत बाजारात त्याच्या वडिलांचं दुकान. तो तर याच कंपनीचं घरून काम करतो असं सगळे सांगत. म्हणून ती एका रविवारी मैत्रिणीला घेऊन लासूरला गेली. त्याच्या आईनं दारातच तोंडावर बोट ठेवलं. हळू बोला, वर मीटिंग चालू आहे. माउलीनं चहासुद्धा बशीचा आवाज न करता ओतला. ही जिना चढून वर गेली तर ऋतुराज कानात वायर घालून लॅपटॉपवर क्रिकेट बघत बसलेला.

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय. दार लावून घेतलं त्यानं. म्हणाला, बस, तू पण याच कंपनीची ना. वर्ष होत आलं, रोज दहाला वर येतो आणि सहाला खाली उतरतो. जेवायला खाली गेलं की आई विचारते, साहेब ओरडला का रे आज. मी म्हणतो, नाय, आज चांगला होता."

ती हसत हसत सांगायला लागली होती, पण शेवटाला तिचं हसू थांबलं. बाईही हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यापुढं ती बशी आली.

"त्याला म्हटलं, दुसरीकडं का नाय बघत? तर म्हणाला, कसं बघू, नोकरी लागलेल्या माणसानं नोकरी शोधायची कशी?"

त्या दिवशी परतीच्या गाडीत तिनं मनाशी पक्कं केलं, आपण वरच्या खोलीत जाऊन बसायचं नाही. पण पुढची वाट कॉलेजनंच अडवलेली होती. तिथला नियम, एकाला एक. एकदा एका कंपनीत निवड झाली की दुसऱ्या कंपनीपुढं बसायचं नाही, बाकीच्यांना संधी मिळाली पाहिजे. नियम वाईट नव्हता, तिलाही तो पटायचा. पण महिन्यापूर्वी कळलं की शेंद्र्याची कंपनी येतेय, तोच गिअरचा कारखाना, शिकाऊ इंजिनिअर घ्यायला. वर्गातली पोरं नाव नोंदवत होती आणि हिला सांगण्यात आलं, तुझं तर झालंय.

कॅम्पसचं सगळं बघणाऱ्या सरांना पोरं टीपीओ सर म्हणतात. ती त्यांच्याकडं गेली. सर म्हणाले, लेखी दे की पुण्याची नोकरी मी सोडतेय, मग बस. पण पुन्हा ती मिळणार नाय आणि शेंद्र्यात होशीलच याची हमी कोण देणार? ती म्हणाली, हमी पुण्याची तरी कुठंय. तेव्हा सरांनी खुर्ची पुढं ओढली. जालना रोडला कॉलेजचा बोर्ड लागलाय, त्यात तुझा फोटो आहे, पुण्याच्या पगाराच्या आकड्यासकट. प्रवेशाचे दिवस तोंडावर आलेत. मला पण वर तोंड दाखवायचं असतं बाळा. माणूस वाईट नाय, ती म्हणाली. त्यांनी दोन दिवस विचार करायला दिले.

"आणि?"

"परवा लिहून दिलं. मराठीत दिलं. सर म्हणाले इंग्रजीत दे, म्हटलं सर, पाठ केलेलं बोलून एकदा झालंय."

बाईंनी पेला खाली ठेवला. म्हणजे आज घडीला या पोरीच्या हातात पुणंही नाही आणि शेंद्राही नाही. मंगळवारी कंपनी येणार, आज शनिवार. आणि आज संध्याकाळी करमाडच्या मारुतीच्या पारावर, जयंतीच्या महाप्रसादाआधी, गाव तिचा सत्कार करणार होतं. पुण्याला नोकरी लागलेली गावातली पहिली इंजिनिअर मुलगी म्हणून. शाल, नारळ, सरपंचांच्या हस्ते. तिची ओळख करून द्यायला बोलायचं होतं रत्नमालाबाईंनी. भाषण त्यांनी मनात कालच जुळवलेलं होतं.

"रामकिसनला माहीत आहे?"

माहीत होतं. तिनं काल रात्री जेवताना सांगितलं. तिचे वडील, दादा, ताटावरून उठले नाहीत, ओरडले नाहीत. भाकरी कालवणात बुडवून तशीच धरून बसले. मग म्हणाले, शेंद्र्यात? आपलं निम्मं वावर त्या एमआयडीसीत गेलं, अन् पोरगी इंजिनिअर करून तिथंच कामाला धाडायची? घरामागच्या कंपनीत तर कोणीबी लागतंय. आईनं मधे पडायचा प्रयत्न केला, तिला गप्प केलं. शेवटी त्यांनी तोड काढली. तुला जे करायचं ते कर, पण उद्या पारावर गप ऱ्हा. शाल घे, पाया पड, खाली उतर. मंगळवारचं मंगळवारी बघू. चार लोकांत माझी शोभा करू नको.

"त्यांचं पण खोटं नाय," राजनंदिनी म्हणाली. "नाक्यावरून रोज जातात ते. चहा प्यायला थांबलं की कोणीतरी विचारतंच, पोरगी कधी जाणार पुण्याला? दादा म्हणतात, पुढच्या महिन्यात. दर महिन्याला पुढच्या महिन्यात. ऋतुराजच्या आईसारखं व्हायला लागलंय त्यांचं."

दोघी पुन्हा चालू लागल्या. ऊन चढलं होतं आणि डांबर पायाला लागत होतं, पण बाईंनी चपला काढल्या नाहीत पिशवीतून. त्या मनात आपलं भाषण चाचपून बघत होत्या. त्यातलं पहिलंच वाक्य पुण्याचं होतं, शेवटचंही. मधलं राजनंदिनीचं होतं, पण तेवढ्यावर टाळ्या पडल्या नसत्या. देवाच्या दारात, देवाच्या जयंतीला, आपण उभं राहून नसलेल्या नोकरीबद्दल बोलायचं, हे काही त्यांच्या जिभेला वळणार नव्हतं. आणि न बोलावं तर रामकिसनचा पडलेला चेहरा. तो माणूसही त्यांचा विद्यार्थीच, बाई नवीन लागल्या तेव्हाचा. अजून रस्त्यात दिसल्या की टोपी काढतो.

"भीती नाही वाटत?" त्यांनी विचारलं. "मंगळवारी नाही झालं तर?"

"वाटते की. पण बाई, तिथं काय विचारतील ते मला येतं. येतं म्हणजे खरंच येतं, महिनाभर हातानं केलंय. पुण्यात त्यांनी मला घेतलं ते मी हसवलं म्हणून. इथं घेतलं तर कामासाठी घेतील." जरा चालून ती पुढं म्हणाली, "आणि नाय झालं तर आणखी बसेन, दुसऱ्या कंपनीपुढं. सांगायला मोकळी असेन ना, की शोधतेय."

कागजीपुरा मागं गेला. लांबून खुलताबादचा गलका ऐकू यायला लागला, घंटा आणि माईकवरून चुकलेल्या माणसांची नावं पुकारणं. दर्शनाची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. दोघी रांगेत उभ्या राहिल्या. राजनंदिनीनं माळ बाईंच्या हातात दिली, केस नीट बांधले आणि कुणाला तरी सांगायचं राहून गेलं होतं ते एकदम आठवल्यासारखी वळली.

"बाई, संध्याकाळी माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोला, पण नोकरी लागली असं म्हणू नका. पुण्याची सोडली आणि मंगळवारी शेंद्र्याच्या कंपनीपुढं बसणार आहे, असं सांगा."

"तू सांग ना. माईक देते तुझ्याकडं."

"मी सांगितलं तर लोक म्हणतील, कंपनीनंच काढली. तुम्ही सांगितलंत तर म्हणतील, पोरीनं सोडली." रांग एक पाऊल पुढं सरकली, तशी तीही सरकली. "दादांना मी इथून गेल्या गेल्या सांगते, बाई असं बोलणार आहेत म्हणून. मग ते पारावर येवोत नाहीतर न येवोत. तुम्ही मात्र सांगा. सांगाल ना?"