साक्षीदार काच

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटलं. चुकलं असेल तर माफ करावं. याच अक्षराला रंगारीकाका म्हणायचे, "बाई, अक्षर वाकडं चालेल, रोग्याचा नंबर वाकडा नको."

गंगापूर रोडच्या एका लॅबमध्ये मी काचा धुवायला होते. रोग्याच्या शरीराचा नखाएवढा तुकडा काचेवर आला की काका त्याला रंग देत, म्हणून ते रंगारीकाका. साखर असली तर गुलाबी, लोह असलं तर निळं. त्यांची बोटं कायम जांभळी. पंगतीत लोक विचारत, "काका, होळी कधी झाली?"

लोह शोधताना रोग्याच्या काचेशेजारी ते दुसरी काच ठेवत, लोह नक्की असलेली. तो साक्षीदार. तिच्या कडेला पेन्सिलीने 'सा' लिहायचं काम माझं. "साक्षीदार निळा झाल्याशिवाय 'नाही' म्हणायचं नाही," असा त्यांचा नियम. निळं दिसलं की त्यांची सटाण्याची बोली सुटे, "शे!" म्हणजे आहे.

माझी मंगल आठ वर्षांची असताना पांढरीफटक पडली. तिच्या हाडातला रस काढला, ती काच काकांकडेच आली. निळं कुठेच दिसेना. लॅबचे सर म्हणाले, "नुसतं लोह कमी आहे. गोळ्यांनी बरी होईल. बाई, पेढे आणा!"

मला आनंदाने रडूच फुटलं. काका मात्र म्हणाले, "सर, साक्षीदारही निळा झाला नाही."

"अहो, रिपोर्ट द्यायचाय."

"मग तुम्ही द्या. मी 'नाही' म्हणणार नाही."

रंग शिळा झाला होता. काकांनी ताजा केला, मंगलची दुसरी काच रंगवली. या वेळी साक्षीदार निळा झाला आणि मंगलची काच त्याहून निळी. "शे," काका म्हणाले, पण अगदी हळू. लोह भरपूर होतं, तिच्या रक्ताला ते वापरता येत नव्हतं. लोहाच्या गोळ्यांनी तिला अपायच झाला असता. डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं. आज मंगल ओझरला नोकरीला जाते.

निवृत्त होताना काकांनी मला एक साक्षीदार काच दिली.

काकांच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेले. काकू म्हणाल्या, "कुणालाच ओळखत नाहीत गं. आता त्यांच्यात काही राहिलं नाही."

मी पिशवीतली ती साक्षीदार काच काढून काकांच्या हातात दिली. बोटं आता पांढरी होती. त्यांनी ती कडेनेच धरली, खिडकीकडे नेली. माझ्या वाकड्या 'सा'वरून अंगठा फिरवला. ओठ हलले, म्हणून मी कान जवळ नेला.

"शे."