काडीवरची अठरा मांजरं

स्वयंपाकघरात मला गॅस पेटवता येतो. एवढ्याच भांडवलावर मी गेल्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाला अठरा केक पॉप करायला घेतले.

केक पॉप म्हणजे केकचा चुरा करायचा, त्याचे गोळे वळायचे, काडीला टोचायचे, वितळलेल्या चॉकलेटात बुडवायचे आणि वर नक्षी काढायची. मोबाइलवर एक बाई हे सगळं दीड मिनिटात करताना पाहून मी म्हणालो, "ह्यात काय आहे? लाडवाला काडी टोचली की झालं!" आठ वर्षांची स्वरा शेजारीच बसली होती. दुसऱ्या दिवशी तिनं अख्ख्या वर्गात जाहीर करून टाकलं, की माझे बाबा घरी केक पॉप करणार, तेही मांजरीच्या तोंडाचे! रिद्धी नावाच्या मैत्रिणीनं "खोटारडी!" म्हटलं. म्हणून पार्टीचं पहिलं आमंत्रण रिद्धीलाच गेलं.

"बाबा, नक्की जमेल ना?"

"बघच तू!"

म्हणजे आता प्रश्न केकचा नव्हता, पोरीच्या शब्दाचा होता.

वाढदिवस रविवारी, पार्टी पाचला. माझी बायको नर्स आहे. तिनं आदल्या दिवशी साधा केक भाजून ठेवला, "पुढचं तू बघ, तुला येतं म्हणे," असं म्हणाली आणि रविवारी ड्युटीवर निघून गेली. सुकापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये उरलो मी, स्वरा आणि नातीच्या वाढदिवसासाठी उरणहून आलेल्या सासूबाई.

सासूबाई कोळीण. मासळीबाजारात त्यांचा आवाज चढला की गिऱ्हाईक भाव करायचं विसरतं. पण जावयासमोर मात्र त्या वेगळ्याच! जावयाला काम सांगायचं नाही, उलट बोलायचं नाही आणि त्याचं चुकलं असं तर स्वप्नातसुद्धा म्हणायचं नाही. (अकरा वर्षांपूर्वी, लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चुकून चहात मीठ टाकलं. मला ओशाळल्यासारखं वाटू नये म्हणून त्यांनीही आपल्या कपात चिमूटभर टाकलं आणि पिऊन दाखवलं!)

दुपारी दोनला मी परात घेऊन बसलो. व्हिडिओतल्या बाईनं चुऱ्यात दोन चमचे क्रीम घातलं होतं. पाहुणे यायचे आहेत, कंजुषी कशाला, म्हणून मी अख्खा डबा ओतला. चुऱ्याचं पिठलं झालं.

"कसं दिसतंय, आई?"

सासूबाईंनी परातीत पाहिलं. "तुमी करताव म्हंजे बराबरच आसंल, जावईबापू."

मला हुरूप आला! गोळे (म्हणजे ज्यांना मी गोळे म्हणत होतो ते) आता अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवायचे होते. पण फ्रीजर सासूबाईंनी खास जावयासाठी आणलेल्या सुरमईनं गच्च भरलेला. ती बाहेर काढली तर त्यांना वाईट वाटायचं. मी ताट पंख्याखाली ठेवलं.

"पंख्याखाली गार होतील ना, आई?"

"व्हतील की. तुमी ठेवलाव म्हंजे व्हनारच."

मग चॉकलेट. पांढरं चॉकलेट छान वितळलं. स्वराला मांजरं गुलाबी हवी होती, म्हणून मी चमचाभर पाण्यात रंग कालवून त्यात ओतला. चॉकलेट क्षणात आक्रसलं! त्याचा असा काही गोळा झाला की चमचा त्यात आपला आपण उभा राहिला.

"घट्ट झालं. घट्टच हवं असतं ना?"

"लय चांगलं झालंय," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचे हात मात्र मांडीवर स्वस्थ बसत नव्हते.

तरीही मी नेटानं एक गोळा काडीला टोचला, त्यावर ते गुलाबी लिंपलं, डोळे आणि मिश्या काढल्या. मांजरानं माझ्याकडे पाहिलं. मग ते सावकाश काडीवरून घसरत माझ्या मुठीपर्यंत आलं, तिथं जरा थांबलं आणि परातीत तोंडावर आपटलं. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचे तर डोळे आधी गेले!

साडेतीन वाजले होते. स्वरा दारात येऊन उभी राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, रिद्धीला फोन करून सांगू का, की मी खोटं बोलले?"

मी चौथा गोळा उचलून काडीला टोचायला लागलो.

"उठा तिथशी!"

मी दचकलो. सासूबाई पदर खोचून उभ्या होत्या, आणि आवाज मासळीबाजारातला होता. "कवापास्ना बगतंय मी! गोला पातल झालाय, दिसत नाय? आन् चाकलेटान पानी कोन टाकतं? अक्कल हाय का नाय?"

अकरा वर्षांचं साठलेलं होतं, सगळं बाहेर आलं. मी निमूट उठलो.

"उभा काय राह्यलास? ती बिस्किटं कुट!" तुमीचं तू कधी झालं, त्यांनाही कळलं नाही. मी मारी बिस्किटं कुटली, त्यांनी ती पिठल्यात मिसळली. सुरमई धडाधड बाहेर आली. ("म्हावरा काय, उद्या बी खाशील!") कोळीवाड्यातल्या लग्नांचे लाडू वळलेले ते हात, त्यांच्या तळव्यात एकेक गोळा गुळगुळीत होऊन फ्रीजरमध्ये गेला. आक्रसलेल्या चॉकलेटात त्यांनी चमचा चमचा कोमट तूप घातलं आणि ते पुन्हा चकाकायला लागलं! काडीचं टोक आधी चॉकलेटात बुडवून मग गोळ्यात खुपसलं. स्वरानं मिश्या काढल्या, बदामाच्या कापांचे कान लावले. माझ्याकडे कोबीचा गड्डा धरायचं काम होतं. त्यात काड्या रोवायच्या होत्या.

"हलू नको!" सासूबाई ओरडल्या. मी कोबीपेक्षाही स्थिर राहिलो.

पाच वाजता अठरा गुलाबी मांजरं कोबीवर ताठ उभी होती. रिद्धीनं एक उचललं, चारही बाजूंनी तपासलं, खाल्लं आणि विचारलं, "खरंच तुझ्या बाबांनी केलं?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्यांनीच केलंय! दुपारधरना बगत व्हती ना मी!"

स्वरानं माझा हात घट्ट धरला. तिचा चेहरा असा उजळला होता की मी उघडलेल्या तोंडात एक मांजर कोंबलं. सासूबाईंचे उपकार मी ह्या जन्मी फेडू शकणार नाही. त्यांनी नातीचा शब्द राखला, आणि अकरा वर्षं पाहुणा असलेल्या मला दीड तासात घरचा करून टाकलं.

ह्याचा पुरावा महिन्याभरात मिळाला. उरणला गेलो, नेहमीच्या खुर्चीत ऐसपैस बसलो, तर सासूबाईंनी समोर कोलंबीचं पातेलं आदळलं. "आलास? सोल!"

मला खरंच भरून आलं. मी बाह्या सरसावल्या आणि अर्ध्या तासात सात कोलंब्या सोलल्या. त्यातल्या चार खाण्याजोग्या होत्या.