न्यूट्रलला पळणारी होडी

"तुमचे हात गेले आता. होडीला हात लावायचा नाय." माझ्या थोरल्या भावाने हे बाबांना जेट्टीवर, सगळ्या गावादेखत सुनावलं. नारळी पौर्णिमा होती. समुद्राला नारळ देऊन बाबा होडी जेट्टीला लावत होते आणि अगदी टेकता टेकता होडीने अशी उसळी मारली की शेजारच्या होडीची फळी फुटली. कुणाला लागलं नाही. पण दादाने बाबांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि आपल्या खिशात टाकली. माझ्या मस्तकात तिडीक गेली ती तेव्हा, आणि ती अजून उतरलेली नाही.

"मी न्यूट्रलला टाकली होती," बाबा म्हणाले. एकदाच म्हणाले. लोक मान हलवून आपापल्या प्रसादाकडे वळले.

बाबा उमेदीच्या काळात आखातात जहाजावर होते. परत येताना लोकांनी टेपरेकॉर्डर आणले, ब्लँकेटं आणली. आमच्या बाबांनी एक जुनी अमेरिकन मोटर आणली, होडीच्या मागे टांगायची. तिला गिअरचा दांडा नाही. एक छोटा खटका आहे आणि गिअर विजेवर पडतो. पाण्यात बुडतो त्या भागाला आम्ही मोटरीचा पाय म्हणतो. त्या पायात, तेलात, दोन कॉइल्स असतात. एकीला वीज मिळाली की न्यूट्रल, दोघींना मिळाली की मागे. आणि वीज मिळालीच नाही तर मोटर पुढे जाते. भर समुद्रात तारा गेल्या तरी माणूस घरी परतावा, असा बनवणाऱ्याने विचार केला असणार. हे बाबांना ठाऊक होतं, मला होतं आणि दादालाही होतं. लहानपणी आम्हा दोघांना बाबांनी ते एकाच वेळी शिकवलं होतं. तरी त्याला पहिली शंका आली ती बापाच्या हातांची.

माझं रत्नागिरीत मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याचे पंप, पंखे, मिक्सर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद करून घरी गेले तर दादाने परस्पर होडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलेलं. आरे-वारेला पर्यटकांना होडीतून फिरवणारा कुणीतरी. तो रविवारी येणार होता. बाबा पडवीत बसले होते आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पीत होते. असा कप धरताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, सकाळी दाढी करायला बसले आणि वस्तरा खाली ठेवून उठले. चार लोकांसमोर एक वाक्य ऐकलं आणि माणूस स्वतःच्या हातांना घाबरायला लागला होता. मला दादाचा गळा धरावासा वाटला.

"किल्ली दे," मी म्हटलं.

"कशाला? भंगार हाय ती."

"भंगार हाय तर द्यायला काय जातं तुझं?"

त्याने दिली, पण अशी दिली की मला ती उचलायला वाकावं लागलं.

शनिवारी दुकान उघडलंच नाही. होडी खाडीत बांधलेली होती, मी मीटर घेऊन तिच्यात उतरले. बॅटरी भरलेली. खटका उघडून साफ केला, तोही ठीक. पायाचं तेल थोडं सोडून पाहिलं. आत पाणी शिरलं असतं तर ते ताकासारखं पांढरं झालं असतं, तर तेल स्वच्छ. पायाकडे जाणाऱ्या दोन्ही तारा वरून सोडवून मीटर लावला. दोन्ही कॉइल्स धडधाकट. आता तपासायला काही उरलं नाही असं वाटलं. मोटर ठीक असेल तर मग बाबांचे हातच उरत होते. स्वतःचाही राग आला, की हा विचार माझ्याही मनात यावा.

मग लक्षात आलं, मी सगळं बंद मोटरीवर तपासत होते. उभ्या मोटरीला कुठे हिसके बसतात? तारा परत जोडल्या, होडी पुढून-मागून दोरांनी आवळून बांधली, मोटर सुरू केली आणि न्यूट्रलला ठेवली. मग एकेक तार हाताने हलवायला लागले. झाकणाखाली, तारा आवळून धरणाऱ्या पट्टीच्या मागे हात गेला, तिथली तार जरा दाबली आणि मागचा दोर ताडकन ताणला गेला. होडी पुढे निघाली होती. तार सोडली, दोर सैल. दाबली, पुन्हा ताण. मी हे पाच-सहा वेळा केलं, रडत आणि शिव्या देत.

पट्टी काढली. तारेवरचं वेष्टण उंदराने कुरतडलेलं, आतलं तांबं खाऱ्या हवेने हिरवं पडून तुटलेलं. दोन-चार धागे तेवढे एकमेकांना टेकून होते. आणि त्या तारांना वास येत होता, माशाच्या तेलाचा.

पावसाआधी होडी वर ओढली की लाकडाला माशाचं तेल चोळतात. लाकडाला. तारांना नाही. यंदा बाबांची कंबर धरली होती म्हणून ते काम दादाने केलं होतं. तुटकी तार घेऊन मी घरी गेले आणि सगळ्यांसमोर त्याला विचारलं, हिला तेल कुणी लावलं?

"मी लावलं. गंजू नये म्हणून. उरलं होतं, फुकट कशाला घालवायचं?"

मी तार त्याच्या पुढ्यात टाकली आणि सांगितलं, तेलाच्या वासाला उंदीर आला, त्याने ही कुरतडली, जेट्टीवर न्यूट्रलची वीज तुटली आणि होडी पुढे उसळली. त्याने तार उचलून उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, आता बोलेल, बाबा, चुकलं. एवढंच बोलायचं होतं.

"बरं, तार होती," तो म्हणाला. "पण खात्री नको करायला? नवी तार घाल. उद्या बाबांनी जेट्टीपर्यंत चालवून दाखवूदे. नीट लावली तर नाय विकत."

बाबांनी कप खाली ठेवला, एका हाताने.

"तुला गिअर मी शिकवला," ते म्हणाले. "आता तू माझी परीक्षा घेणार? विकून टाक ती."

"बाबा, असं काय करता," मी म्हटलं. "एकदा चालवा ना, तोंड बंद होईल याचं."

"तूपण तेच सांगतंस?" एवढं बोलून ते आत गेले.

रात्री मी नवी तार घातली. कशासाठी ते विचारू नका. मला काम अर्धं टाकता येत नाही. रविवारी गिऱ्हाईक आलं. त्याने मोटर सुरू केली, न्यूट्रलला टाकली, वरून दोन चापट्या मारून पाहिलं. होडी जागची हलली नाही. दादा माझ्याकडे बोट दाखवून कौतुकाने म्हणाला, "आमच्या बहिणीने केलंय काम." बाबा तेवढा वेळ मागीलदारी बसून होते. गिऱ्हाईक पैसे देऊन होडी खाडीबाहेर घेऊन गेल्यावर ते पुढे आले आणि आईला म्हणाले, पाणी तापव, दाढी करायची आहे.