राब, पॉडकास्ट आणि तोंड धुतलेले साहेब

ये गं, जवळ सरक. लांबून ऐकलं की अर्धंच पोचतं. आणि पुन्हा माझ्यासमोर 'मोबाईलनं पोरं बिघडली' म्हणायचं नाही, सांगून ठेवते! आमच्याकडे मोबाईलनं एक साहेब सुधारले.

आमची सून सुनीता तलासरीकडच्या एका पाड्यावर मास्तरीण आहे. ती वर्गात पॉडकास्ट लावते. (म्हणजे रेडिओच, पण आपल्याला हवा तेव्हा लागणारा.) पुस्तक बघून जांभया देणारी पोरं कान टवकारून बसतात! पण वरच्या साहेबांना ते खूळ वाटायचं. ते स्वतः तास बघायला येणार होते. पटलं नाही तर पॉडकास्ट बंद!

"आई, भाताची रोपं करायला राब कसा भाजायचा, ते तुम्ही सांगा. मी रेकॉर्ड करते, साहेबांपुढे तेच लावू," सुनीता म्हणाली.

मी दोन वाक्यं बोलले आणि थांबले.

"आई, बोला ना!"

"कोणी हूं म्हणेना! हूं नाही, तर पुढचं सुचत नाही."

आमच्यात सांगणाऱ्याला हुंकार लागतोच. शेवटी सुनीतानं आमच्या ह्यांना समोर बसवलं. "बाबा, तुम्ही फक्त हूं म्हणायचं." (चाळीस वर्षं दुसरं काय केलंय त्यांनी!) पण पाचव्या हूंनंतर हे घोरायलाच लागले! मग मी त्यांना जे झापलं, तेही मोबाईलनं इमानदारीत टिपलं. सुनीतानं नंतर तेवढं कापून वेगळं रेकॉर्डिंग केलं. मी निश्चिंत.

तासाला मीही मागे जाऊन बसले. आणि गडबडीत सुनीतानं लावलं ते न कापलेलं!

सुरुवात झकास. मी बोलले की अख्खा वर्ग, "हूं!" साहेब खुर्चीत. दुपारची वेळ, पोटात शाळेची खिचडी. त्यांचे डोळे हळूहळू मिटले. तेवढ्यात मोबाईलमधून मी कडाडले, "झोपलात ना? मी घसा फोडतेय नि तुम्ही घोरताय! उठा आधी! तोंड धुऊन या!"

साहेब ताडकन उभे! "नाही, नाही, ऐकतोय मी!" म्हणत नळावर गेलेसुद्धा!

सुनीता पांढरी पडली. मी पदरात तोंड लपवलं. साहेब ओल्या तोंडानं परतले, तर मोबाईल पुन्हा, "आता सांगा, राबात काय काय रचायचं?"

साहेब पोरांकडे बघायला लागले. आणि जानकी उठली. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारी जानकी!

"आधी शेण, त्यावर पाला, मग गवत, वर माती. वाऱ्याच्या उलट पेटवायचं, म्हणजे आग सावकाश चालते. तणाचं बी जळतं आणि भाताचं रोप जोमानं येतं."

तेव्हा कुठे मोबाईलमधून आमच्या ह्यांचं उत्तर आलं, "चहा झाला का?"

साहेब हसून हसून खुर्चीत बसले. "मॅडम, चालू ठेवा पॉडकास्ट. ही पोरगी बोलली, अजून काय बघायचं?" मग हळूच माझ्याकडे वळून, "आजी, राग गेला ना?"

काय बाई आहे गं आमची सुनीता! आता ती पाड्यापाड्यावरच्या म्हाताऱ्यांना बोलतं करते, आणि रेकॉर्डिंग करते ती जानकी!

घरातले मात्र म्हणतात, मोबाईलमधली आई बरी, बोट लावलं की गप्प होते. खरीला गप्प करायला अजून कोणाला जमलेलं नाही. म्हणूनच आमच्याकडे पाहुणे फिरकत नाहीत! तू तरी ये हो लवकर आमच्या घरी, कैनाडला. आणि चार दिवस काढूनच ये, एका दिवसात माझं काही संपत नाही!