बहराची पाहणी

ग्वेंडा प्रॉसर फटकळ म्हणून गावभर प्रसिद्ध होती. पोस्टाच्या खिडकीमागे तिने उभा जन्म काढला होता, आणि पाकिटावर तिकीट वाकडं लावलं तर ती पाद्रीबुवांनाही सुनवायची. इंग्लंडातल्या हेरफर्डशरच्या त्या टोकाला माणसं एरवी कोणाला तोंडावर काही बोलत नाहीत. त्यामुळे ग्वेंडाचा सगळ्यांना धाक होता, आणि तिची गंमतही वाटायची.

हीच ग्वेंडा गुरुवारच्या चित्रमंडळात आली की मऊ व्हायची. मंडळ हौशी, बहुतेक निवृत्त माणसांचं. वर्षभर गावच्या हॉलमध्ये फळं नि किटल्या रंगवायच्या, आणि एप्रिलात पेअरच्या, म्हणजे नासपतीच्या, बागा फुलल्या की घडीच्या खुर्च्या, जलरंग आणि थर्मास घेऊन झाडांसमोर जाऊन बसायचं. दुपारच्या चहाला सगळी चित्रं गवतावर ओळीने मांडायची. याला ते पाहणी म्हणत. पाहणीची रीत पक्की होती. आपल्या चित्राला आपणच नावं ठेवायची आणि दुसऱ्याच्या चित्राला छान म्हणायचं.

"माझा नुसता चिखल झालाय बघा," ग्वेंडा म्हणायची.

"चिखल कसला! किती ऊबदार आहे!" म्युरिएल ट्रँटर म्हणायची. म्युरिएल तिची शाळेपासूनची मैत्रीण.

"ऊबदार, अगदी ऊबदार," मंडळाचे प्रमुख क्लाइव्ह बफ्टन मान डोलवायचे. मग लिंबाचा केक कापला जायचा.

त्या हिवाळ्यात ग्वेंडाच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. घरी आल्यावर तिला कळलं, की स्वयंपाकघरातले आपले पडदे हिरवे नाहीत, निळे आहेत. तिला हसू आलं. हे हसू मार्चपर्यंत टिकलं.

मार्चमध्ये ती पुन्हा हॉलवर गेली. दरवर्षी बहराचं एक चित्र निवडून तिथल्या भिंतीवर लावायचे.

"अगं बाई, या चित्रावर चहा कोणी सांडला?" तिने दारातूनच विचारलं.

क्लाइव्ह चष्मा पुसायला लागले. ग्वेंडा जवळ गेली. फुलं उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहाच्या रंगाची होती आणि आभाळ भांडी विसळलेल्या पाण्यासारखं. कोपऱ्यात तिचीच सही होती.

तिला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पातळ रंग कागदावर दिसतच नव्हता, म्हणून आपण थरावर थर चढवत गेलो, हे तिला तिथेच उभ्या उभ्या उमगलं.

"कधीपासून?"

"तसं काही नाही गं," म्युरिएल म्हणाली, "एक वेगळी छटा होती त्याला..."

"कधीपासून, म्युरिएल?"

"झाली असतील चार-पाच वर्षं."

"आणि तुम्ही ते भिंतीवर टांगलंत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"अगं, मी आंधळी होत होते! आणि तुम्ही केक खात बसला होतात!"

दार आपटून ती निघून गेली. भाचीच्या लग्नात दिलेलं चित्र, डॉक्टरांना दिलेलं चित्र, एकेक आठवून ती रस्त्यातच लाजेने लाल झाली. सगळ्यांनी छान म्हटलं होतं. त्यानंतर म्युरिएल समोरून आली की ती रस्ता ओलांडायची. मंडळ सोडायचं, हे तिने ठरवून टाकलं.

पण बहर आला आणि तिला राहवेना. एकदा रंगवायचं, पाहणीला थांबायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, असं ठरवून ती गेली. बागेच्या फाटकाशीच तिचे पाय थबकले. पांढरा इतका पांढरा असतो, हे ती विसरूनच गेली होती. इतकी वर्षं हे समोर होतं आणि आपल्याला दिसत नव्हतं, या विचाराने तिला भीती वाटली आणि रडूही आलं.

ती सगळ्यांपासून लांब बसली. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो. भोवतीचं आभाळ रंगवायचं आणि फुलांची जागा कोरी सोडायची, तो कोरा कागदच बहर. म्युरिएल केकचा तुकडा ठेवून गेली. ग्वेंडाने मान वर केली नाही.

चहाची वेळ झाली तशी ती सामान आवरून निघाली. फाटकाकडची वाट चित्रांच्या ओळीवरूनच जात होती. क्लाइव्ह म्युरिएलच्या चित्रासमोर उभे होते.

"धाडस आहे हं! डावीकडे कागद किती मोकळा सोडलाय. नुसता बहरच बहर."

"छान," बाकीचे म्हणाले. "फारच छान."

ग्वेंडाने पाहिलं. उजवीकडची एकेक फांदी नीट काढलेली होती. खोड मध्येच संपलं होतं. डावीकडे फांदी नव्हती, कुंपण नव्हतं, आभाळाच्या निळ्या रंगाचा एक हातसुद्धा नव्हता. तिच्या तोंडून सवयीने 'छान' निघणारच होतं. ते जिभेवर आलेलं तिला जाणवलं आणि तिने ते गिळलं. राग अजून होता. फाटक चार पावलांवर होतं.

"म्युरिएल, झाडाची डावी बाजू कुठाय?"

पाहणीत असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

"आहे की! सगळं काढलंय मी."

ग्वेंडा तिच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली आणि तिने ब्रश पुढे धरला. "माझ्या हातात काय आहे?"

"तू कुठेयस पण?" म्युरिएल हसत म्हणाली, आणि तिचं हसणं मध्येच थांबलं.

"उगाच घाबरवू नकोस तिला," क्लाइव्ह पुटपुटले.

"घाबरू दे! मला कोणी घाबरवलं असतं तर बरं झालं असतं." ग्वेंडाने हात पुढे केला. "गाडीच्या किल्ल्या दे, म्युरिएल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ. क्लाइव्ह नेतील."

"अगं, रोरीला शाळेतून आणायचंय मला." रोरी तिचा नातू. "रोज मीच आणते त्याला."

"गाडीत कुठे बसतो तो?"

"माझ्या शेजारी. डावी..."

म्युरिएलने पर्स उघडली आणि न बघताच ग्वेंडापुढे धरली.