गूळ कमी पडला

किराणा दुकानात गुळाची ढेप फोडली, की त्या वासासरशी मी पारोळ्याजवळच्या एका खेड्यात जाऊन पोचते. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेत नवी लागलेली, गळ्यात ओळखपत्र घालून ताठ चालायची. एका घरी वर्षाची नात दिवसेंदिवस वाळत चालली होती, पण आजी वजनच करू देईना. "जित्या पोरले तोलाले निंघनी! नजर लागस. कॉलेजमा हाईच शिकाडं का?" मी म्हटलं, "आक्का, नवस फेडताना पोर गुळमा तोलतसच ना? तठे नजर लागस नही?" आजी हसली, तयार झाली. देवळात गावातल्या दुकानदाराचा जुना तराजू टांगला. एका पारड्यात नात, दुसऱ्यात गूळ. मग तो गूळ मी माझ्या काट्यावर ठेवला, आणि आकडा पाहून पोरीला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. औषध, शेंगदाण्याचा खाऊ, सगळं सुरू झालं. आजीने मात्र तो गूळ कुणाला चाखू दिला नाही, फडक्यात बांधून ठेवला. पुढच्या महिन्यात तोच गूळ पारड्यात ठेवला, समोर नात बसवली, आणि तिचं पारडं सरसर खाली गेलं! बायकांनी एकच गलका केला. आजी ओरडली, "अय पोरी, गूळ कमी पडना! आखो आन!" मी देवळातून अनवाणीच दुकानाकडे पळत सुटले. पदवी हातात पडली तेव्हाही अशी पळाले नव्हते. आजही गूळ घेताना मी दुकानदाराला सांगते, भाऊ, थोडा जास्तच द्या.