वाघदेवासमोरचा पत्ता

मुलुंडच्या डोंगरालगतच्या आदिवासी पाड्यात मतदार नोंदणीसाठी आम्ही स्वयंसेवकांनी वाघदेवाच्या दगडापाशी टेबल मांडलं होतं. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग एक म्हातारी आली आणि पदर खोचून घराघरातून माणसं हाताला धरून आणू लागली.

पडताळणीला आलेला सरकारी कर्मचारी तिला म्हणाला, "मावशी, कागदावर इथे नुसतं जंगल आहे. पत्ता काय लिहायचा?"

"वाघदेवासमोर, असं लिही. आमचे आजे-पणजे त्यालाच पुजत आले," ती शांतपणे म्हणाली. "आणि नुसतं जंगलच आहे, तर घरं पाडायची नोटीस कुणाच्या दाराला चिकटवलीत रे?"

त्याने पत्ता लिहिला. संध्याकाळपर्यंत पाड्यातलं एकही घर यादीतून सुटलं नाही. मदतीला म्हणून मी गेले होते. नोंदणी तिनेच केली.